ऑगस्टातला नाताळ

मासिकांच्या जगात डिसेंबर ऑगस्टमध्ये येतो. दिवाळी जूनमध्ये येते, आणि उन्हाळ्याची, सुती पडद्यांची आणि माठातल्या पाण्याची पानं ऐन थंडीत स्वेटर घालून करावी लागतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात प्लायवूडच्या जाड्या शिकवल्या, रंगांची चक्रं शिकवली, जिन्याच्या पायरीची उंची घोकून घेतली. पण आपण केलेलं घर छापून आणायचं असेल तर ते कधी आणि कोणाकडे पाठवायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी ते ठेचा खात शिकले, आणि नको इतकं चांगलं शिकले.

मी मूळची मिरजगावची. हायवेवर वडिलांचं प्लायवूड आणि हार्डवेअरचं दुकान होतं. बिजागऱ्या आणि कड्यांच्या खोक्यांवर बसून मी अभ्यास केला. पुण्यात शिकून नगरला आले आणि सावेडीत दोन खोल्यांचं ऑफिस टाकलं. सरकारी कागदावर आता शहर अहिल्यानगर झालं आहे, माझ्या पाटीवरही झालं आहे, पण तोंडात नगरच येतं. पंधरा वर्षं मी इथल्या लोकांची घरं आतून करून देते. डॉक्टरांची केली, कापडवाल्यांची केली, कारखान्याच्या एका संचालकाचं केलं. पण पिकतं तिथं विकत नाही. जरा मोठं काम निघालं की लोक पुण्याकडे धावतात. एका गृहस्थांनी तर चहा पाजून मला तोंडावर सांगितलं, बंगला पुण्याची मंडळी करतील, तुम्ही फक्त साइटवर येऊन लक्ष ठेवा. मी कप तसाच ठेवून उठले. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं की आपलं एक तरी घर मोठ्या मासिकात छापून आणायचं आणि तो अंक या माणसाच्या टेबलावर नेऊन आपटायचा.

पहिल्यांदा मी दिवाळीत सजवलेल्या घराचे फोटो दिवाळीतच पाठवले. वरातीमागून घोडं. संपादकीय विभागातून दोन ओळींचं उत्तर आलं, की यंदाचा अंक बाजारात आला आहे आणि पुढच्या वर्षीची निवड मे महिन्यात होते. दुसऱ्या वेळी महिना बरोबर साधला, पण उत्साहाच्या भरात फोटो आधीच इन्स्टाग्रामवर टाकून बसले होते. सगळ्यांनी पाहिलेलं घर आम्ही कशाला छापू, असं त्यांनी सभ्य भाषेत विचारलं. तिसऱ्या वेळी एकच घर एकाच दिवशी दोन मासिकांना पाठवलं. दोघांनाही ते आवडलं, आणि ही गोष्ट दोघांनाही कळली. त्यानंतर वर्षभर मला कोणी उत्तर दिलं नाही.

मग मी ऑफिसच्या भिंतीवर एक दुसरं कॅलेंडर लावलं. नेहमीच्या कॅलेंडरच्या शेजारी, पण त्याच्या चार महिने पुढे चालणारं. कोणत्या अंकाला काय विषय असतो, निवड कधी होते, फोटो कधीपर्यंत लागतात, पानं छपाईसाठी कधी बंद होतात, सगळं लाल-निळ्या पेनाने लिहिलेलं. मेल सोमवारी करायचा नाही, सोमवारी ती माणसं मीटिंगमध्ये असतात. शुक्रवारी करायचा नाही, सुट्टीत तो ढिगाखाली जातो. अंक छापायला जातो त्या आठवड्यात तर नावच काढायचं नाही. मंगळवार सकाळ, अकरा. आमचे सुतार त्या कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "म्याडम, लग्नाला बी लोक एवढा मुहूर्त बघत न्हाईत." मला त्या टोमण्याचा अभिमान वाटायचा.

शेवगावचं काम आलं ते या कॅलेंडरच्या दुसऱ्या वर्षी. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची निवृत्त नर्स बायको. त्यांना अख्खं गाव सर म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला सिस्टर. सर स्वतःसुद्धा बायकोला सिस्टरच म्हणायचे. ख्रिस्ती कुटुंब, सरांचे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि तेव्हापासून घरात कोणी ना कोणी मास्तर आहेच. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. बाजाराच्या मागच्या बाजूला चार खोल्यांचं बैठं घर होतं, ते दोघांच्या उरलेल्या आयुष्याला सोसेल असं करून हवं होतं. सरांनी हेच शब्द वापरले होते, आणि ते शब्द मी पुढे फार वेळा आठवले.

सिस्टरना साखरेचा आजार होता आणि त्यापायी पायांचे तळवे बधिर झाले होते. जमीन पायाला लागतच नाही गं, असं त्या म्हणायच्या. चप्पल निघून मागे राहिली तरी त्यांना कळायचं नाही. चाळीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांना धरून चालवलेली बाई, आता स्वतः भिंत चाचपत आणि एक प्लास्टिकचं स्टूल पुढे ढकलत घरात फिरायची. बाहेर पडताना सरांचा हात धरायची. त्यांची मागणी एकच होती. न्हाणीघरात भिंतीला धरायला तीन दांडे. बाकी रंग, फरशी, कपाटं, तुला हवं ते कर पोरी, म्हणाल्या.

मी त्यांना अशा दांड्यांची ठरलेली उंची सांगितली. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"पुस्तकातली उंची पुस्तकातल्या बाईला," त्या म्हणाल्या. मग कच्च्या गिलाव्याच्या न्हाणीघरात मध्यभागी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि भिंतीच्या दिशेने हात टाकला. हात जिथे पडला तिथे बारीक फुली मारली. पुन्हा थोडं वळून डोळे मिटले. चक्कर येते तेव्हा डोळे मिटलेलेच असतात, असं त्यांनी मला समजावलं. न्हाणीघरात सहा फुल्या झाल्या. मार्च महिना होता. माझ्या पर्समध्ये टेप होता, तो काढून त्या फुल्यांची जमिनीपासूनची उंची लिहून घ्यायला हवी होती. मी मोबाईलवर बोलत होते.

घर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं होत गेलं. असं क्वचित होतं. मूळच्या काळ्या दगडाच्या भिंती मी झाकल्या नाहीत, जुन्या बाकांच्या फळ्यांतून जेवणाचं टेबल केलं, आणि न्हाणीघरासाठी राळेगणसिद्धीकडचे एक गवंडी बोलावले. चुन्याचा गिलावा दगडाने घोटून गुळगुळीत करायची त्यांची हातोटी होती. वर छताला मी एक काच बसवली होती. सकाळी त्या काचेतून ऊन उतरलं की ती भिंत दुधावरच्या सायीसारखी दिसायची. मी त्या भिंतीच्या प्रेमात पडले. माणसाने भिंतीच्या प्रेमात पडू नये.

घोटण्याचा शेवटचा हात द्यायच्या आधी गवंड्यांनी मला थांबवलं. "म्याडम, दांडं आत्ताच बसवून घ्या. मागनं भोकं पाडली तर गिलाव्याला चिरा जात्यात. अन् त्या बाईंचा पाय काय धड हाय का?"

मी म्हटलं, बघू नंतर. तुम्ही घोटा. त्यांनी घोटलं, आणि सहा फुल्या चुन्याखाली गेल्या. त्या कुठे होत्या ते बसवताना सिस्टरना पुन्हा विचारू, असं मी मनाशी म्हटलं.

ते 'नंतर' का, हे आता सरळ सांगते. जूनमधल्या एका मंगळवारी अकरा वाजता मी एका मोठ्या मासिकाला मेल केला होता. डिसेंबरच्या अंकासाठी. तालुक्याच्या गावातलं एक साधं ख्रिस्ती घर आणि तिथला नाताळ, असा विषय. सोबत मोबाईलवर काढलेले चार फोटो. तिसऱ्याच दिवशी संपादिकेचा स्वतःचा फोन आला. घर त्यांना आवडलं होतं, आणि त्या कच्च्या न्हाणीघरात पडलेलं ऊन तर फारच. भिंत पूर्ण झाली की लेखाची सुरुवात तिच्यापासूनच करू, म्हणाल्या. ऑगस्टच्या मध्याला पुण्याहून फोटोग्राफर येईल, घर नाताळसारखं सजवून ठेवा, आणि अंक येईपर्यंत एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. त्यांनी दांड्यांबद्दल काही म्हटलं नव्हतं. त्यांना दांडे ठाऊकच नव्हते. स्टीलचे दांडे लावले तर ती भिंत दवाखान्याची दिसेल, हे माझं मत होतं. माझ्या एकटीचं.

दांडे मी आधीच आणून ठेवले होते. माझ्या गाडीच्या डिकीत, खोक्यात. सरांनी दोनदा विचारलं तेव्हा मी सांगितलं की पुण्याहून माल यायचा आहे. ते म्हणाले, हरकत नाही, चांगल्या वस्तूला वेळ लागतो. मास्तर माणूस, समोरच्याचं खरं धरायची सवय.

ऑगस्टच्या मध्याला फोटोग्राफरला ताप आला. काम दोन आठवडे पुढे गेलं. मी संपादिकेची मनधरणी केली, फोटोग्राफरची चौकशी केली, माझ्या कॅलेंडरवरच्या तारखा खोडून नव्या लिहिल्या. सिस्टर ते दोन आठवडे त्या गुळगुळीत न्हाणीघरात स्टूल ढकलत जात-येत होत्या. हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

शेवटी फोटोचा दिवस उगवला. मी पहाटे नगरहून निघाले, करंजीचा घाट उतरून तिसगावमार्गे शेवगावला पोचले तेव्हा सिस्टर करंज्या तळून बसल्या होत्या. बाहेर श्रावण सरत आला होता, कपाशीला पाणी मिळून सगळीकडे हिरवं होतं, आणि शेजारच्या बायका कोणत्याशा पूजेचं ताट घेऊन चालल्या होत्या. त्यांनी दारावर टांगलेला कागदी तारा पाहिला आणि जागीच थांबल्या. सरांनी त्यांना समजावलं की हा मासिकाचा नाताळ आहे, आपला अजून लांब आहे. माळ्यावरून गव्हाणीचा देखावा काढला, मेंढरांवरची धूळ मी स्वतः पुसली. फोटोग्राफरला थंडी दिसायला हवी होती, म्हणून सिस्टरना स्वेटर घालायला लावलं. घामाने त्यांची मान ओली झाली होती, आणि मी दर दहा मिनिटांनी रुमालाने टिपत होते. त्यांना ते सगळं आवडत होतं. टेबलाशी बसून त्या सरांना म्हणाल्या, या वर्षी आपल्याला दोन नाताळ मिळाले म्हणायचे.

न्हाणीघराचा फोटो सकाळच्या उन्हातच काढायचा होता. स्टूल मध्ये येत होतं. मी ते उचलून मागच्या दारी नेऊन ठेवलं आणि त्याबद्दल विसरले. दुपारी सिस्टर न्हाणीघराच्या दाराशी उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, दुसरा हवेत. त्यांनी हाक मारली नव्हती. माझं लक्ष गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, पोरी, माझं स्टूल दे गं.

निघताना त्यांनी करंज्यांचा डबा भरून दिला आणि तो द्यायला सरांच्या आधाराने गाडीपर्यंत आल्या. मी सवयीने डिकी उघडली, मग पटकन बंद केली आणि डबा पुढच्या सीटवर ठेवला. त्यांनी मला हात केला. मी वळणावरून आरशात पाहिलं, दोघं अजून तशीच उभी होती, त्या ताऱ्याखाली.

खरं तर दुसऱ्या दिवशी दांडे लावता आले असते. फोटो निघाले होते. पण मासिकाची पानं बंद व्हायला तीन आठवडे होते, आणि संपादिकेने बजावलं होतं की एखादा फोटो पुन्हा काढावा लागला तर पंचाईत नको, घर आहे तसं ठेवा. हा या धंद्यातला रिवाज आहे, त्यात त्यांची चूक नाही. त्या घरात पाय बधिर झालेली बाई राहते, हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या, लावा दांडे. मी सांगितलं नाही. मला पहिलं पान हवं होतं. सरांना मी फोन करून म्हटलं, गिलावा अजून पक्का व्हायचा आहे, पुढच्या महिन्यात भोकं पाडू. हे दुसरं खोटं, पहिल्यापेक्षा सफाईदार.

दहाव्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "सिस्टर पडली," ते म्हणाले. न्हाणीघरात पडल्या होत्या. स्टूल ओल्या फरशीवरून सरकलं आणि हात भिंतीवरून घसरत खाली गेला. सायीसारखी भिंत, तिला धरायला काहीच नव्हतं.

मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. त्यांना नगरच्या दवाखान्यात आणलं, ऑपरेशन झालं, मुलगी नागपूरहून आली. मी रोज जायचे. फळं न्यायचे, डबा न्यायचे, औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभी राहायचे, म्हणजे जे काही मी करायला हवं होतं ते सोडून सगळं करायचे. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या आवारात असताना संपादिकेचा मेल आला. न्हाणीघराचा उभा फोटो मिळेल का, आणि घर अजून तसंच आहे ना. फोटोग्राफरने काढलेला एक उभा फोटो माझ्याकडे होता. मी तो तिथेच बाकावर बसून पाठवला आणि लिहिलं, घर अजून तसंच आहे. ते वाक्य माझ्या फोनमध्ये अजून आहे. मला ते पुसता येत नाही आणि वाचताही येत नाही.

त्या संध्याकाळी सिस्टरनी मला जवळ बोलावून विचारलं, छापून कधी येणार. मी म्हटलं, डिसेंबरात. त्या म्हणाल्या, मग तोवर मला चालायला लागलं पाहिजे, लोक घर बघायला येतील.

त्यांना घरी सोडायचं ठरलं तेव्हा सरांनी निरोप दिला की आता तरी दांडे लावून घ्या. मी गवंड्यांना आणि ते खोकं घेऊन शेवगावला गेले. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. गवंड्यांनी मशीन जोडलं आणि विचारलं, "किती उंचीवर घिऊ?" मी भिंतीकडे पाहिलं. तिच्यावर काहीच नव्हतं. सहा फुल्या त्यांनी माझ्याच सांगण्यावरून घोटून टाकल्या होत्या, आणि ज्या बाईचा हात कुठे पडतो हे विचारायचं ती पलंगावर उताणी होती, उभी राहू शकत नव्हती. मी म्हटलं, ठरलेली उंची असते, तिथे लावू. दारात उभे असलेले सर म्हणाले, नको. ती उठली की ती सांगेल.

त्या उठल्या नाहीत. पडून पडून छातीत कफ भरला, पुन्हा नगरला आणलं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्या गेल्या. शेवगावच्या दफनभूमीत मी मागे, एका लिंबाच्या झाडाखाली उभी होते. त्यांनी धरून चालवलेली किती माणसं तिथे आली होती. एक म्हातारा काठी टेकत पुढे गेला आणि मातीची मूठ टाकून परत येताना मला म्हणाला, "लई धीर द्यायची बाई." मला वाटलं, आत्ता याला सगळं सांगावं आणि याने काठीने मला मारावं.

अंक आला तो ठरल्याप्रमाणे, नोव्हेंबर संपता संपता. सहा पानं. पहिल्या पानावर ती भिंत, वरून उतरलेलं ऊन, बाकी काही नाही. आत टेबल, करंज्या, गव्हाणी आणि एका कोपऱ्यात स्वेटर घातलेल्या सिस्टर सरांकडे बघून हसताना. फोटोखाली ओळ होती, उतारवयातल्या जोडप्यासाठी जपून घडवलेलं घर. ती मीच जूनमध्ये लिहून पाठवली होती. माझा फोन दोन दिवस थांबला नाही. त्या बंगलेवाल्या गृहस्थांचाही आला. अंक त्यांच्या टेबलावर आपटायची वेळच आली नाही, त्यांनी तो स्वतः विकत घेतला होता. फार्महाऊस काढतोय, तुम्हीच करायचं, म्हणाले. मी ते काम घेतलं. खोटं कशाला बोलू.

नाताळ येऊन गेला. माझी शेवगावला जायची छाती झाली नाही. जानेवारीत सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, वर्गात पाठ सुरू करावा तसा. दांडे अजून असतील तर घेऊन या, म्हणाले, आता माझेही गुडघे बोलायला लागलेत.

मी गवंड्यांना घेऊन गेले. घरात सगळं जागच्या जागी होतं. दारावर तारा नव्हता; खऱ्या नाताळाला तो माळ्यावरून काढलाच नसावा. जेवणाच्या टेबलावर तो अंक होता. सरांनी त्याला खाकी कव्हर घातलं होतं, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं, आणि वर सुवाच्य अक्षरात महिना आणि वर्ष लिहिलं होतं. ते पाहिल्यावर मला बसवेना. गवंडी आत सामान मांडत होते. मी सरांना उभ्यानेच सगळं सांगितलं. माल पुण्याहून यायचा नव्हता. खोकं मे महिन्यापासून माझ्या गाडीत होतं. भिंत चांगली दिसावी म्हणून मी ते बाहेर काढलं नाही.

सर बराच वेळ अंकाच्या कव्हरची घडी नखाने दाबत राहिले.

"आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही डिकी उघडलीत तेव्हा पाहिलं दोघांनी. खोक्यावर दांड्याचं चित्र होतं. मी म्हणालो, विचारतो यांना. ती म्हणाली, नका विचारू. पोरीचं छापून येऊ दे, महिन्याने काय होतंय. आणि मी तिचं ऐकलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"रोज प्रार्थनेत माफीची ओळ येते," सर म्हणाले. "तिथे माझी जीभ अडते. तुमचा राग येतो आणि माझाही येतो. तिने केलं असेल माफ, तिचा स्वभावच तसा होता. माझ्याने अजून होत नाही. चला, ते थांबलेत."

न्हाणीघरात गवंडी मशीन हातात घेऊन उभे होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला, किती उंचीवर. मी सरांकडे पाहिलं. सर भिंतीजवळ गेले, डावा हात सरळ खाली सोडला, बायकोला आधार द्यायला सोडत असतील तसा, आणि उजव्या हाताची चार बोटं आडवी करून मनगटाशी धरली.

"इथे यायचा तिचा हात."

"सर, तुमाला लई खाली हुईल," गवंडी म्हणाले. "वाकावं लागंल."

"वाकेन," सर म्हणाले.

म्हणजे उंची त्या घरात सगळा वेळ होती. फुल्या गेल्या होत्या, सिस्टर उठू शकत नव्हत्या, तरी दारात उभ्या असलेल्या या माणसाला ती ठाऊक होती. सप्टेंबरात ते म्हणाले होते, ती उठली की ती सांगेल. त्यांनी सांगितली नाही, कारण तेव्हा ती उठेल असं त्यांना वाटत होतं. आणि मी विचारली नाही, कारण मला पुस्तकातली उंची पाठ होती.

मशीन सुरू झालं. पहिल्याच भोकाला गिलाव्यात चीर गेली, गवंडी बोलले होते तशी, आणि ती वाकडीतिकडी वर काचेपर्यंत चढत गेली. गवंड्यांनी मशीन थांबवलं नाही. तिन्ही दांडे बसले. सरांनी पहिला धरला. कमरेत वाकून, हळूहळू, एकावरून दुसऱ्यावर हात नेत ते दारापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी दांड्यावरची चुन्याची पूड हाताने पुसली.

मी पर्समधून टेप काढला, जमिनीपासून दांड्यापर्यंत धरला आणि आकडा डायरीत लिहून घेतला. एकतीस इंच. मार्चमध्येही एवढंच काम होतं.